तारखेवरचं कुंकू

जवळ असलेला परवाना खालच्या कोर्टात पुढे न आणणाऱ्या पक्षकाराला तो अपिलात दाखल करता येणार नाही, असा हायकोर्टाचा एक निकाल आहे. म्युनिसिपालिटीच्या नोटिसांची कामं करणाऱ्या वकिलांना तो पाठ असतो. मीही तो दोन-तीन वेळा दुसऱ्यांच्या अशिलांविरुद्ध वाचून दाखवला आहे, आणि वाचताना माझा आवाज अडखळला नाही. त्या निकालातला पक्षकार माझा अशील होता. परवाना त्यानं मागे ठेवला नव्हता. तो मी माझ्या कपाटात ठेवला होता.

माझी वकिली मुळात अपिलांची. अपिलात साक्षीदार नसतो, आरडाओरडा नसतो. खालच्या कोर्टातून आलेलं रेकॉर्ड असतं आणि त्यातलं पान. माझे सीनियर मला सांगत, "रेकॉर्डवर कमीत कमी जाऊ दे. जो कागद रेकॉर्डवर नाही, त्याची उलटतपासणी होत नाही." मी ते इतकं मनावर घेतलं होतं की घरी पत्र आलं तरी आधी तारीख आणि सही बघायचो, मजकूर नंतर. माणसाकडे बघायची सवय मला नव्हतीच. ती लागावी असं काही धंद्यात घडलंही नव्हतं.

मग अंधेरी-जोगेश्वरीपर्यंतची उपनगरं मुंबईत घेतली गेली. मी तेव्हा चाळिशीला आलेला, अंधेरीत दोन खोल्यांत राहणारा, हायकोर्टात बऱ्यापैकी ओळख पण काम बेताचं, असा वकील होतो. वर्ष-दीड वर्षात आमच्या भागात नोटिसा येऊ लागल्या. काल ज्या गावठाणात ग्रामपंचायतीच्या तोंडी परवानगीवर पडवी वाढत होती, तिथे आता इन्स्पेक्टर टेप घेऊन यायचा. लोक घाबरून ओळखीचा वकील शोधू लागले, आणि अंधेरीत स्टेशनजवळ सकाळी घरी भेटणारा वकील म्हणून मी त्यांना सापडलो.

त्यातलाच हा एक. जोगेश्वरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, टेकाडाच्या पायथ्याशी त्याचं घर होतं. मालवणकडचा माणूस, परळच्या एका गिरणीत विणकर. आधी गिरणीच्या शेजारच्याच चाळीत राहत होता. बायकोला दमा. चाळीत तिला रात्र रात्र बसून काढावी लागे, म्हणून त्यानं इतक्या लांब जमीन भाड्यानं घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. अर्ध्या भिंती विटांच्या, वर मंगलोरी कौलं. गिरणीत पोचायला पहाटे निघावं लागायचं, पण तो म्हणायचा, "थंय गेल्यापासून ती आडवी निजता, सायबांनू. माका आणखी काय होयां?"

बायको आडवी झोपू शकते, एवढ्यासाठी ते घर होतं. हे त्यानं मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. मी लिहून घेतलं नाही. कायद्याला त्याचा उपयोग नव्हता.

नोटीस अशी होती की घर विनापरवाना आहे, ते पाडा. त्यानं पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. जुन्या पंचायतीचा परवाना. शिक्का होता, सरपंचाची सही होती. फक्त तारखेवर, वर्षाच्या आकड्यांवर, कुंकवाचं एक मोठं बोट उमटलेलं होतं. ओल्या हातानं लावलेलं, म्हणून ते पसरलं होतं. त्यांच्या घरी दसऱ्याला कोयता, कात्री, गिरणीतला त्याचा जुना धोटा असं सगळं पाटावर मांडायचे, त्यात घराचा हा कागदही असायचा. बायको सगळ्यांना हळदकुंकू लावायची, कागदालाही. एरवी तो देवाच्या तसबिरीमागे असायचा.

माझ्या कारकुनानं कागद हातात घेऊन उलटासुलटा केला. हा माणूस माझ्याहून वयानं मोठा आणि जिभेचा सैल.

"साहेब, देवानंच शिक्का मारलाय. आता म्युनिसिपालिटीचा कशाला पाहिजे?"

अशील हसला. मीही हसलो. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. समोरचा वकील म्हणणार, तारीख मुद्दाम पुसली, परवाना भाग मुंबईत गेल्यानंतरचा आहे. बाई साक्षीला येणार, तिची उलटतपासणी होणार, शाईची तपासणी मागतील. एवढी राळ कशाला उठवायची? शिवाय नोटिशीत मला एक बारीक जागा दिसली होती. ज्या अधिकाऱ्याची सही होती, त्याला ते अधिकार लेखी आणि रीतसर दिलेले आहेत का, याबद्दल शंका होती. मुद्दा शुद्ध कायद्याचा होता. तो लागला असता तर शंभर नोटिसा पडल्या असत्या.

मी त्याला म्हटलं, "कागद माझ्याकडे राहू द्या. तो दाखवायची वेळ येणार नाही."

"तुमच्याकडे म्हणजे देवाकडेच," तो म्हणाला.

आता प्रामाणिकपणे लिहायचं तर, मला घर वाचवायचं नव्हतं असं नाही. पण घर कशानं वाचतं यापेक्षा माझ्या मुद्द्यानं वाचावं, हे मला जास्त हवं होतं. कागदानं वाचलं असतं तर ते त्याचं घर राहिलं असतं. मुद्द्यानं वाचलं तर तो माझा निकाल झाला असता.

खालच्या कोर्टात मुद्दा लागला. नोटीस रद्द झाली. बातमी किती लवकर पसरते हे मी तेव्हा पाहिलं. पुढच्या दोन वर्षांत विलेपार्ले, घाटकोपर, पार भांडुपपर्यंतची माणसं माझ्या दारात सकाळी सहापासून चप्पल काढून बसू लागली. माझ्या बायकोला स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडता येईना. "म्युनिसिपालिटीच्या कामांचा स्पेशालिस्ट" असं लोक माझ्याबद्दल म्हणू लागले, ते या एका निकालामुळे. अशील अधूनमधून यायचा, परसातल्या शेवग्याच्या शेंगांची जुडी दोऱ्यानं बांधून आणायचा. मी कामात असलो तर स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवून न बोलता जायचा. त्यानं कागद परत मागितला नाही. मीही दिला नाही. अपील येईल तोवर असू दे, म्हणून मी तो कपाटातल्या एका लांब पाकिटात ठेवला होता.

म्युनिसिपालिटीचं अपील आलं. तीनेक वर्षांनी ते बोर्डावर लागलं. समोरच्या वकिलानं अधिकार देणारा एक सर्वसाधारण हुकूम वाचून दाखवला आणि न्यायमूर्तींना तो पुरेसा वाटला. माझा मुद्दा अर्ध्या तासात गेला. इतक्या सहज की मला त्याचं दुःख व्हायलाही सवड मिळाली नाही. कारण लगेच न्यायमूर्तींनी विचारलं, "नोटीस कायदेशीर धरली, तर मग घराला परवाना होता का?"

मी त्या क्षणी परवाना पुढे केला. नवा पुरावा दाखल करण्याचा अर्ज आदल्या आठवड्यात तयार करून ठेवला होता. आतून भीती वाटली असणार. कोर्टात सगळं इंग्रजीत चाललं होतं. माझा अशील मागच्या बाकावर, धुतलेलं धोतर आणि काळा कोट घालून बसला होता. त्याला एक अक्षर कळत नव्हतं.

न्यायमूर्ती वृद्ध होते, मऊ बोलणारे. त्यांनी कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. मग चष्मा काढून मला विचारलं, "हा आत्ता का येतोय? इतकी वर्षं कुणाकडे होता? तुमच्याकडे, की तुमच्या अशिलाकडे?"

प्रश्न त्यांनी दोन भागांत विचारला. त्या दोन भागांच्या मध्ये ते थांबले होते, हे मला आजही आठवतं. ते मला वाट करून देत होते, हे मला पुढे कळलं.

कोर्ट भरलेलं होतं. पुढच्या बाकांवर ज्यांच्या ओळखीनं मला कामं येत ती माणसं होती. मी म्हणालो, "अशिलानं मला तो मागच्या आठवड्यात आणून दिला."

न्यायमूर्तींनी कागद खाली ठेवला. मग त्यांचा आवाज बदलला. स्वतःचा परवाना घरात ठेवून कोर्टाला चार वर्षं अंधारात ठेवणाऱ्या माणसाबद्दल ते पाच-सहा वाक्यं बोलले, ती सगळी पुढे छापली गेली. अर्ज नामंजूर झाला. अपील मंजूर. कागद मला परत मिळाला.

बाहेर व्हरांड्यात अशिलानं मला गाठलं. त्याच्या चेहऱ्यावर अजून आशा होती. न्यायमूर्तींनी कागद इतका वेळ पाहिला होता ना.

"काय म्हणाले सायब?"

माझा कारकून माझ्या शेजारी उभा होता. त्याला सगळं इंग्रजी कळलं होतं. मी त्याच्याकडे न बघता बोललो, "तारखेवर कुंकू होतं. त्यांना तारीख दिसेना. त्यांनी मानला नाही."

हे दुसरं खोटं. पहिलं मी घाबरून बोललो असं निदान म्हणता येईल. दुसऱ्याला तेवढंही कारण नव्हतं. इंग्रजीत मी दोष अशिलावर टाकला, आणि मराठीत त्याच्या बायकोवर. त्या दोघांमध्ये मी स्वच्छ उभा राहिलो.

अशील काही वेळ स्वतःच्या बोटाकडे बघत राहिला. "कुंकू," तो म्हणाला. मग मला नमस्कार करून म्हणाला, "तुमी तुमच्याकडना केलास. नशीब आमचां."

तो गेल्यावर कारकून हळूच म्हणाला, "साहेब, देवावर ढकललंत, तेवढं बरं केलंत. तो काय अपील करत नाही." त्यानंतर बरेच दिवस तो माझ्याशी चेष्टेनं बोलला नाही.

घर पाडलं त्या दिवशी मी गेलो नाही. दुसऱ्या एका नोटिशीच्या कामात उभा होतो. कारकून गेला होता. त्यानं सांगितलं की म्युनिसिपालिटीची माणसं येण्याआधीच अशिलानं दाराच्या बिजागऱ्या स्वतः काढून ठेवल्या होत्या, कौलं उतरवून रचली होती, म्हणजे काही मोडायला नको. बाई जवळच्या झाडाखाली बसली होती आणि तिला धाप लागली होती. दोन दिवसांनी माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी शेवग्याच्या शेंगांची जुडी होती. बायकोनं आमटी केली. मी खाल्ली. हेही लिहून ठेवतो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर मी त्याच न्यायमूर्तींपुढे माझ्या कामाची वाट बघत बसलो होतो. माझ्या आधी ठाण्याचे एक म्हातारे वकील उभे होते. त्यांनाही उशिरा एक दस्त दाखल करायचा होता. न्यायमूर्तींनी तोच प्रश्न विचारला, तसाच, मध्ये थांबून. ते म्हातारे म्हणाले, "माझ्याकडे होता, महाराज. गठ्ठ्यात राहून गेला. चूक माझी आहे."

न्यायमूर्ती हसले. म्हणाले, "तुमच्या चुकीची शिक्षा तुमच्या अशिलाला कशी द्यायची?" आणि दस्त दाखल करून घेतला.

माझं काम पुकारलं तेव्हा मी बसूनच होतो. शेजाऱ्यानं कोपर मारून उठवलं.

त्यानंतर तीन वर्षं मी काही केलं नाही. हद्द बोरीवली-मुलुंडपर्यंत गेली, कामं वाढली. निकाल छापून आला, त्यावरून लोक मला सल्ला विचारू लागले: कागद कधी दाखल करावा, कधी नाही. मी सल्ला देत असे. मग एकदा कारकुनानं सहज सांगावं तसं सांगितलं की जोगेश्वरीवाला गेला. गिरणी सुटल्यावर आजारी पडला होता. बाई घाटकोपरला भावाकडे असते.

पाकीट घेऊन मी एका रविवारी दुपारी घाटकोपरला गेलो. एका बैठ्या चाळीतली शेवटची खोली. बाई दाराशी सुपात सुकट निवडत बसली होती, भिंतीला पाठ टेकून, खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते. आत भाऊ जेवून आडवा झाला होता, भावजय भांडी लावत होती. बाईनं मला ओळखलं. घाईनं पदर घेतला, सूप बाजूला केलं.

"तुमचा कागद परत द्यायला आलोय," मी म्हणालो.

भावजय आतून हसली. "कागद? मगे आधी माझो कुंकवाचो करंडो लपवूक होयो! हिच्या हाताक लागलो तर परत म्युनिसिपाल्टी येतली."

भाऊ पडल्या पडल्या हसला. बाईही थोडं हसली, सवयीनं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही चेष्टा आजची नाही. या खोलीत ती रोजची आहे, बाईच्या कपाळावर आता कुंकू नाही तरीही. मी व्हरांड्यात बोललेलं एक वाक्य माझ्या आधीच इथे येऊन राहिलं होतं.

मी कागद तिच्या हातात दिला. म्हणालो, "उजेडाकडे धरा."

तिनं धरला. कुंकू आता फिकं झालं होतं. पण ते तेव्हाही आड आलं नव्हतं. मागून उजेड आला की वर्षाचे चारही आकडे दिसत होते. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं तो भावाला दाखवला. भाऊ उठून बसला, कागद धरला, आणि आकडे वाचले.

"ह्यो तर दिसता," तो म्हणाला. "मगे सायबाक कसो दिसलो नाय?"

"त्यांना दिसला होता," मी म्हणालो. आणि सगळं सांगितलं. कागद माझ्या कपाटात होता हे सांगितलं. न्यायमूर्तींनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, बाहेर येऊन काय बोललो. ठाण्याच्या वकिलांचंही सांगितलं. मी खाली बघून बोलत होतो, आणि मला ऐकू येत होता तो फक्त तिचा श्वास.

भावजयीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं होतं. भाऊ म्हणाला, "आता येवन सांगतास? आमी तीन-चार वर्सां हिका बोलत इलो."

बाईनं त्याला हातानं गप्प केलं. मला विचारलं, "ह्या तेंका ठावक होतां?"

"नाही."

"हॉस्पिटलात होते ना," ती म्हणाली, "तेवा एकदा माका म्हणाले, तुझ्या देवधर्मान आमका रस्त्यार आणलां. परत बोलले नाय. पण ता एकदा बोलले." तिला धाप लागली. थांबून ती म्हणाली, "तेंका सांगूक होयां होतां."

मी क्षमा मागितली. तिनं विचारलं, "त्या पुस्तकात छापलां हा, ता बदलूक येता?"

"नाही."

"मगे तुमी लिवन काढा. तुमी कागदवाले. तोंडान सांगलेलां कोण धरता? उद्या ही परत करंड्याचां बोलात."

"नाय बोलूचंय गो," भावजय पुटपुटली. पण तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

माझ्या खिशात पेन होतं. भावानं मुलाच्या वहीतला एक ताव फाडून दिला. मी भिंतीवर ताव धरून लिहायला लागलो. मी तोपर्यंत हजारो पानं लिहिली असतील, सगळी इंग्रजीत, सगळी दुसऱ्यांच्या चुकांबद्दल. मराठीत पहिलं वाक्यच जमेना. "कागद माझ्याकडे होता" असं लिहिलं, आणि पुढचं मग आपोआप आलं. खाली सही केली. भावानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "अशिलाच्या पत्नीचा यात काहीही दोष नव्हता" या ओळीवर बाईनं त्याला थांबवलं आणि ती परत वाचायला लावली.

मग तिनं ताव घेतला, उठली, आणि कोनाड्यातल्या देवाच्या तसबिरीमागे ठेवायला गेली. जुना परवाना तिनं मला परत केला. म्हणाली, घरच नाय तर परवानो कित्याक. तो अजून माझ्या कपाटात त्याच पाकिटात आहे.

तसबिरीपाशी पोचल्यावर ती थांबली. ताव उघडून तिनं खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, कुंकू नसलेलं, आणि माझ्याकडे वळून विचारलं,

"तारीख घातलास मां? दिसता अशी?"